आईचे छप्पन्न दिवसांचे इंग्रजी

२ जून, सायंकाळी ७.१०
आजपासून आईचा इंग्रजीचा अभ्यास. परीक्षा २८ जुलैला. आजचा धरून छप्पन्न दिवस. पुरेसे आहेत.

स्थिती लिहून ठेवते. आई हॉस्पिटलात वॉर्डआया. वय सत्तेचाळीस. दहावीचे बाकी विषय सुटले, इंग्रजी दोनदा राहिले. मेट्रनने सांगितले आहे की ऑगस्टअखेर दाखला आणला तर देखरेखीची जागा तिची. बसून काम, कायम नोकरी, आवारात तळमजल्यावर खोली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आईचे गुडघे ते जिने रोज मोजतात.

दोन्ही नापासांचे कारण एकच: पद्धत नव्हती. मी वजनकाटे आणि थर्मामीटर तपासते. पद्धत हे माझे कामच आहे. आठ वर्षांचे पेपर मिळवून वारंवारिता काढली. त्यावरून यादी: दोनशे शब्द, पाच उतारे, व्याकरणाचे बारा प्रकार. पाच चाचण्या बनवल्या, अ, ब, क, ड, इ. आळीपाळीने द्यायच्या. प्रत्येकी चाळीस प्रश्न.

नियम तीन. एक, अभ्यासाच्या वेळी मराठी बोलायचे नाही. दोन, ओळींच्या मध्ये पेन्सिलीने अर्थ लिहायचे नाहीत. तीन, यादीबाहेरचा प्रश्न सर्वांत शेवटी. शिवाय प्रत्येक कागदावर तारीख.

परगावच्या मोठ्या प्रयोगशाळेचे पत्र परवा आले. दोन वर्षांचे प्रशिक्षण, हॉस्टेल, घरचे कोणी सोबत चालणार नाही. ३१ ऑगस्टपर्यंत कळवायचे. प्रमाणपत्रांच्या फाइलीत ठेवले. आईला सांगितलेले नाही. पत्र इंग्रजीत आहे, त्यामुळे लपवण्याचीही गरज नाही. अभ्यासाचा आणि पत्राचा संबंध नाही. नोंद केवळ पूर्णतेसाठी.

३ जून
चाचणी अ. दीपगृहाच्या राखणदाराचा उतारा. चाळीस मिनिटे आई एक शब्दही बोलली नाही. नियम एक उत्तम पाळला गेला.
चुका: ३१.

७ जून
जिन्यात आई आणि तळमजल्यावरच्या लायब्ररीवाल्या काकू. काकू चाळीस वर्षे लायब्ररीत होत्या, आता निवृत्त आहेत, तरी कोणी मोठ्याने बोलले की बोट ओठांवर जाते. दोघी मिळून आग विझवायच्या नळकांड्यावरची सूचना वाचत होत्या. आई बोट ठेवून, काकू मान हलवत. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा. आई म्हणाली, बघ, शेंड्याशी नाही, बुडाशी. भांडणाचंही तसंच असतं. दोघी हसल्या.

काकूंना नम्रपणे सांगितले की सध्या आईला इतर वाचन नको, मिश्रण होते. काकू म्हणाल्या, बरं बाई, तुम्ही शास्त्रातल्या. हे कौतुक समजावे.
चुका: ३०.

११ जून
आई जेवताना वॉर्डातले सांगत होती. सात नंबरच्या खाटेवर तोंडाने काही देऊ नये अशी इंग्रजी पाटी, आणि एक नातेवाईक बाई रुग्णाला बिस्किट भरवताहेत. आईने पाटी वाचून त्यांचा हात धरला. त्या बाई म्हणाल्या, तू कोण डॉक्टरीण? आई म्हणाली, मी आया आहे, पण पाटीला डोळे नसतात, मला आहेत. सिस्टरने सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

चांगले आहे. पण पाट्या यादीत नाहीत. तसे सांगितले. आईने ताट उचलले.

१६ जून
चुका: २९. दोन आठवड्यांत दोन. हा वेग चालणार नाही.
आईने नियम मोडून मराठीत सांगितले की यातलं मला कळत नाही, कळल्याशिवाय लिहू कशी. मी म्हटले, लिहिणे आधी, कळणे नंतर. ती म्हणाली, वॉर्डात असं केलं तर माणूस मरतो.
मी रागावले नाही. फक्त लाल पेन वापरले.

२० जून
कडाक्याचे भांडण झाले. आई म्हणाली, एवढी घाई कसली आहे, जागा दोन वर्षांनी परत निघेल, मी काय पळून चालले आहे? मी म्हटले, हे सगळे तुझ्या गुडघ्यांसाठी आहे. ती म्हणाली, माझे गुडघे माझ्याशी बोलतात, त्यांनी मला असं काही सांगितलेलं नाही.
पालथ्या घड्यावर पाणी. तरी मी आवाज चढवला नाही. चढवला असेल तर तो पंख्याच्या आवाजामुळे.
चाचणी झाली नाही.

२१ जून
सुट्टी असून लॅबमध्ये काम होते. परत आले तर आईने माझे कपाट आवरलेले. प्रमाणपत्रांची फाइल जागेवर, पण उलटी. इंग्रजी अक्षरांची खालची बाजू कोणती हेही अजून लक्षात येत नाही. पायापासून सुरुवात हवी.
 आई आज चहात साखर घालायला विसरली. माझ्याही.

२३ जून
सत्र सुरू होण्याआधी आईने 'अकम्पनी' या शब्दाचा अर्थ विचारला. यादीत नाही. कुठे ऐकलास? म्हणाली, वॉर्डात. मी म्हटले, वॉर्डातले वॉर्डात ठेव.
तिने मान डोलावली. मग स्वतःहून म्हणाली, पाचही कागद माझ्याजवळ राहू देत, दुपारच्या सुट्टीत बघते. इच्छाशक्ती जागी होण्याची ही पहिली खूण. उत्तरांसकट दिले.
चुका: २६.

२६ जून
चुका: १९. कारण शोधले. मंगळवारपासून मी लालऐवजी हिरवे पेन वापरते आहे. रंगाचा परिणाम असतो, हे वाचले होते.

३० जून
चुका: ११.
आलेख काढून भिंतीवर लावला. २३ तारखेपर्यंत रेघ आडवी, मग सरळ खाली. इतकी स्वच्छ रेघ लॅबमध्येही क्वचित मिळते. आई कपडे वाळत घालताना पुटपुटत होती. कान दिला तर राखणदार रोज संध्याकाळी दिवा लावतो ते वाक्य. उच्चार ठीक. मध्येच म्हणाली, हा मेला एकदाही सुट्टी घेत नाही.

४ जुलै
लॅबमध्ये एका दुकानदाराचा काटा आला. त्याचे म्हणणे, काट्यात दोष नाही, मी रोज तपासतो. कशाने तपासता? म्हणे काट्यासोबत आलेल्या वजनाने, एकाच, पाच वर्षे. दुसरे वजन ठेवले तर काटा भलतेच बोलू लागला. आमचे सीनियर, ज्यांना आम्ही दशांश म्हणतो कारण ते जेवणाच्या सुट्टीतही दोन स्थळांपर्यंत वाद घालतात, म्हणाले, ओळखीच्या वजनाशी कोणताही काटा इमानदार असतो. दुकानदाराला मीच समजावले. सोपी गोष्ट आहे. लोकांना एवढेही कसे कळत नाही.
घरी चाचणी अ, पाचव्यांदा. चुका: ५.

९ जुलै
चुका: १. वेळ अकरा मिनिटे. आई आता उतारा न वाचताच उत्तरे लिहिते. वाचनाचा वेग एवढा वाढेल असे मलाही वाटले नव्हते.
जिन्यात काकू म्हणाल्या, तिला एखादा वेगळा उतारा देऊन बघ की, साधा, वर्तमानपत्रातला. मी सांगितले की या टप्प्यावर नवीन घटक आणला तर अनिश्चितता वाढते. त्या म्हणाल्या, अनिश्चितता तर परीक्षेतही असेल ना गं. निवृत्त माणसांना हातात काम नसते, म्हणून प्रश्न सुचतात.

१५ जुलै
पाचही चाचण्या. चुका: शून्य.
कागद अजून पालथा होता तेव्हाच आईने पहिले उत्तर लिहिले. मी विचारले, इतकी खात्री? ती म्हणाली, मास्तरीणबाई, तुमच्या रेघेला खाली जागा उरली नाही, आता तरी हसा. हसले.
गुडघ्याला शेक दिला. खूप दिवसांनी.
प्रयोगशाळेला होकाराचा मसुदा लिहिला. सहा ओळी. आईला कळवले असून तिची संमती आहे, हेही घातले, कारण फॉर्ममध्ये तशी ओळ आहे. अजून सांगितलेले नाही, पण ३१ ऑगस्टच्या आत सांगणार आहे, म्हणजे पाठवताना ते खरे असेल. तारीख न घालता फाइलीत ठेवला. संबंध नाही.

२७ जुलै
उजळणी नाही. शून्याची उजळणी काय करायची. आईच्या पेन्सिलींना टोक केले. तीन नियम एका चिठ्ठीवर लिहून दिले.
आईने विचारले, तिकडे हॉस्टेलात मुलींना गरम पाणी मिळतं का गं? कुठल्या हॉस्टेलात? म्हणाली, असंच, नर्सिंगच्या पोरींच्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी मन भरकटते. झोपायला सांगितले.

२८ जुलै, दुपारी २.२०
आई आली. तीन जिने चढून धाप लागलेली, तरी आधी पाणी नाही, आधी पेपर माझ्या हातात.
पाच उताऱ्यांपैकी एकही आलेला नाही.

क्रमाने लिहिते. पहिला उतारा मासेमारीच्या होडीचा. आईने त्याला दीपगृहाची उत्तरे लिहिली. मी विचारले, का? ती म्हणाली, समुद्र दोन्हीकडे होता, मला वाटलं जवळचेच असतील. दुसरा वीस गुणांचा: रुग्णांना भेटायला येणाऱ्यांसाठी हॉस्पिटलची सूचना, पूर्ण पानभर. तो आईने शेवटी ठेवला. चिठ्ठीतला नियम तीन. मग घंटा झाली.

नियम पाळला, हे महत्त्वाचे. वीस गेले तरी ऐंशी उरतात. पासाला पस्तीस लागतात. काळजीचे कारण नाही.

२ ऑगस्ट
पुन्हा अंदाज. कमीत कमी ५८. होडीच्या उत्तरांत समुद्र, दिवा, अंधार हे शब्द बरोबर ठिकाणी आहेत. तपासणारा माणूस समंजस असेल तर काही गुण देईल.

९ ऑगस्ट
सुधारित अंदाज ४४. आई परीक्षेबद्दल काही विचारत नाही. काकूंकडे बसते. आज दाराबाहेरून ऐकले, वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचत होत्या आणि नावे ठेवत होत्या. आता हरकत घेतली नाही. परीक्षा झाली आहे.

२५ ऑगस्ट
निकाल. २९.

मेट्रनने जागा क्ष-किरण विभागातल्या आयाला दिली. आईने तिला पेढे नको, एक दिवस रजा द्यायचं वचन दे म्हटले म्हणे. घरी येऊन भांडी घासली.

संध्याकाळी काकू वर आल्या. तीन मजले, त्याही. आईने त्यांना ती सूचना सांगितली. पाठ नव्हे, समजून सांगितली. भेटीची वेळ चार ते सहा, एका वेळी दोघेच, लहान मुले नकोत, फुले वॉर्डाबाहेर. आणि म्हणाली, खाली तक्त्यात पाच ते सहा छापलं होतं, वर चार ते सहा, आमच्याकडे अशी पाटी लागली असती तर दारात मारामारी झाली असती. काकू म्हणाल्या, अगं, एवढं कळलं होतं तर लिहिलं का नाहीस? आई म्हणाली, घंटेच्या आधी दहा मिनिटं होती, पण तोवर यादीतलं संपलं नव्हतं. मास्तरीणबाईंचा नियम.
टोमणा नव्हता. टोमणा असता तर उत्तर देता आले असते.

मी विचारले, मग त्या पाच चाचण्या? आई म्हणाली, त्या पाठ केल्या. दुपारच्या सुट्टीत, कपड्यांच्या खोलीत बसून. कळत नव्हतं, पण रेघ खाली आली की तुझा चेहरा मोकळा व्हायचा.

२६ ऑगस्ट
कारणे: यादीचा नमुना आठच वर्षांचा होता. केंद्रावर पंखा नव्हता. पेपर काढणाऱ्याने परंपरा मोडली. आईने चाचण्या पाठ केल्या, ही माझ्या पद्धतीतली चूक नाही, वापरणाऱ्याची आहे.
दशांशांना सगळे सांगितले. ते म्हणाले, दुकानदाराला तू छान समजावलं होतंस. बस, एवढेच.
आलेख उतरवला. भिंतीवर चार खिळ्यांची भोके राहिली.

३० ऑगस्ट, सकाळी ९.४०
आई ड्युटीवर. नकार कळवायला फाइल उघडली.

पत्रावर पेन्सिल आहे. ओळींच्या मध्ये, बारीक अक्षरांत, प्रत्येक अवघड शब्दावर अर्थ. नियम दोनचा पूर्ण भंग. प्रशिक्षण. दोन वर्षे. वसतिगृह. 'अकम्पनी'वर आधी रिकामी चौकट, मग वेगळ्या, गडद पेन्सिलीने भरलेली: सोबत येणे. त्याच्या आधीच्या 'नॉट'खाली दोन रेघा. वरच्या कोपऱ्यात तारीख, मी शिकवली तशी. २१ जून.

आलेखाची रेघ २३ ला वळली होती. हिरवे पेन मी मंगळवारी घेतले होते. मंगळवार म्हणजे २४.

खाली माझा मसुदा. त्यावरही पेन्सिल, सहाही ओळींवर. आभारी आहे. रुजू होईन. शेवटच्या ओळीत, माझ्या आईला कळवले असून, इथे 'इन्फॉर्म्ड'च्या डोक्यावर तिने लिहिले आहे: कळवले. पुढे एक छोटे प्रश्नचिन्ह. त्याच्या पुढच्या 'संमती'वर नुसते: हो.

पत्र आणि मसुदा शब्दकोश घेऊन ओळीने तपासले. मग पुन्हा. एकूण त्रेचाळीस शब्द, एकही यादीतला नाही.

आईच्या चुका: शून्य.