रेशूची पूलजडा

६ एप्रिल, रवि.

आज रेशूचं केस धुणं. सकाळ त्यातच गेली. नणंद माझी, पण मी लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा दुसरीत होती. पहिल्याच सकाळी फणी माझ्या हातात देऊन पाठ करून बसली, जशी काही मला त्यासाठीच आणली होती. तेव्हापासून रोज. आता केस मांडीपर्यंत आलेत, अन् लग्न महिन्यावर.

गच्चीत वाळवताना म्हणाली, "वहिनी, लग्नात माझे केस..." मी म्हटलं, मीच घालणार वेणी, विचारतेस काय! ती केसांची टोकं पिळत हळूच, "पार्लर बुक झालंय. आईनं केलं."

तोंड कडू झालं. दिवसभर कुणाशी नीट बोलले नाही. कुणाला कळलं पण नाही, हे जास्त लागलं.

९ एप्रिल

घरात धिंगाणा. देगलूरहून रेशूच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन. त्यांचं माहेर बोधनचं, मराठीत तेलुगू कालवून बोलतात. आईंनी (म्हणजे माझ्या सासूबाईंनी) घेतला. "हाव... हाव..." करता करता चेहरा लाल. फोन ठेवला अन् सुरू:

"लग्नात पोरीला जटा पाहिजे म्हनून राहिली! आमच्या पोरीला जट न्हाई! अन् जट-बिट आमी मानत न्हाई, हे बौद्धाचं घर हाय, सांगा तिला!"

ह्यांनी विचारलं, नक्की काय म्हणाल्या?

"पूल अन् जटा. आता पूल कशाला पाहिजे बाई तिला? गोदावरीवर हायेत की!"

मला हसू आवरेना. पण रेशू खोलीत जाऊन रडायला लागली, स्थळ मोडतंय म्हणून. परत फोन लावा म्हटलं तर आई म्हणतात, आपण मुलीकडचे असलो म्हणून काय झालं, आपणच का वाकायचं. हे पेपरमागे लपले.

१० एप्रिल

मीच केला फोन, गच्चीवरून, चोरून. मावशी (रेशूच्या सासूबाईंना मी असंच म्हणते) हसता हसता खोकायला लागल्या. जटा नाही हो, जडा! जडा म्हणजे वेणी. पूल म्हणजे फुलं. नवरीची वेणी वरपासून शेंड्यापर्यंत फुलांनी भरायची, ती पूलजडा. त्यांच्या माहेरची हौस.

"आमच्यात वदिना करती ती."

वदिना कोण?

"मोठ्या भावाची बायको. माझी बी वदिनानंच केली व्हती."

मी परत विचारलं, कोण करते? परत तेच ऐकायचं होतं, दुसरं काही नाही.

खाली येऊन सगळं सांगितलं. रेशूचा जीव भांड्यात. आई म्हणाल्या, "मंग जडा म्हनायचं की नीट." वदिनाचं पण सांगितलं. तर म्हणतात, "पार्लरवालीला दाखवू, ती करील. फोटो जल्मभर राहत्यात." रेशूनं तरी बोलायला हवं होतं.

१४ एप्रिल

जयंती. पांढऱ्या साड्या, रेशूच्या वेणीला निळी रिबन. मिरवणुकीत पाय दुखेस्तोवर नाचलो. पार्लरचा विषय दोघींनी काढला नाही.

२० एप्रिल, रवि.

पार्लरची ट्रायल झाली. रेशू परत आली ती मान न हलवता. केसांवर काय फवारलं कुणास ठाऊक, हात लावला तर चिक्कीसारखे कडक. कपाळावर दोन कुरळ्या बटा. वर बाई म्हणाली म्हणे, इतके लांब केस झेपत नाहीत, हातभर कापून घेऊ.

रिठ्यानं धुतले, तरी चिकट. परत धुतले. पाठमोरीच म्हणाली, "वहिनी, तूच घाल. मला त्या दिवशीच म्हनायचं व्हतं. रागावलीस ना?"

हो, रागावले होते. सांगितलं तसं. मग मोरीत दोघी रडलो. आईंना सांगितलं, रिठा डोळ्यात गेला.

रेशूनं स्वतः सांगितलं तेव्हा आईंनी पार्लरला नको म्हणून कळवलं. पण मला म्हणाल्या, "आता जबाबदारी तुझी. चार लोकांत हसं नको."

आनंद झाला. पण फुलांची वेणी मी जन्मात केलेली नाही.

२७ एप्रिल

पहिला प्रयोग. पाच पेडांची वेणी घातली अन् मोगऱ्याच्या कळ्या थेट तिच्यावरच टाचल्या. दिसली फार सुंदर. रेशू जिना उतरली, निम्मा मोगरा जिन्यात. आई खालून, "वेनी हाय का सडा?"

मावशींना व्हिडिओ कॉल. त्या बघून ओरडल्या, "गट्टी पाहिजे अम्मा, गट्टी!" मी म्हटलं, आहे की, ती दुसरीत होती तेव्हापासूनची आमची गट्टी! तर गट्टी म्हणजे त्यांच्यात घट्ट. फुलं केसांवर नाही टाचायची. वेगळ्या सुती पट्टीवर शिवायची अन् पट्टी दोऱ्यानं वेणीला बांधायची. एवढं समजायला तास गेला, त्यातला निम्मा हसण्यात.

४ मे

पट्टी जमली! कापड शोधत होते तर आईंनी स्वतःची मऊ झालेली पांढरी साडी आणून टाकली. "फाड." एवढंच.

वेणी बांधून रेशूला नाचायला लावलं. जयंतीच्या सगळ्या स्टेप करून दाखवल्या तिनं. एक कळी पडली. एक चालते.

११ मे, रवि.

लग्न झालं. फार थकलेय, पण लिहिते.

पहाटे हे फूलबाजारातून मोगरा अन् अबोली घेऊन आले. मी शिवत गेले, आई कळ्या निवडून देत गेल्या. पांढरी साडी, पांढरी वेणी, मधे अबोलीची नक्षी. मग बांधायला घेतली. रेशू एकदापण "ओढतंय" म्हणाली नाही, अन् नक्की ओढत होतं.

विहारात मावशी आल्या त्या सुनेचं तोंड न बघता मागेच गेल्या. वेणी तळहातावर घेतली. "वदिना कुठंय?" मला जवळ ओढून गालाची पापी घेतली, सगळ्यांसमोर. आई येईल त्याला सांगत होत्या, "पार्लर-बिर्लर काय न्हाई, आमच्या सुनेनं घरी केली!"

निघताना रेशू गळ्यात पडली अन् कानात म्हणाली, "फुलं चुरगळतील, हळू." रडता रडता हसू आलं. देगलूरपर्यंत गाडीत टेकून बसली नाही म्हणे.

१४ मे

सकाळी चहा झाल्यावर सवयीनं फणी-तेल घेऊन ओसरीत बसले. समोर कुणी नाही. बसूनच राहिले.

आई आल्या. बघितलं. पाठीमागे पाट ओढला अन् फणी माझ्या हातातून घेतली.

"माझी कशाला, आई?"

"तुझ्या लग्नात तुझी वेनी कोनी घातली व्हती?"

"कोणी नाही. मीच अंबाडा घातला."

"मंग हल नको."

मी हलले नाही. त्यांना धड तीन पेड येत नाहीत, वेणी डाव्या खांद्याकडे वाकडी गेली. दिवसभर तशीच ठेवली.

रिबन बांधता बांधता म्हणाल्या, "रविवारी रेशू येनार हाय. तिची कोन घालनार, तू का मी?"

मी म्हटलं, बघू. तिलाच विचारू, फणी कुणाच्या हातात देते ते.