शेवटची खेप

३ मार्च
जर्मनीतल्या अणुवीज केंद्राच्या व्हॉल्व्हची खेप आज क्यू.सी.च्या तपासणीतून पास. सही माझी, वेल्डिंग सगळं शोभाताईंचं. भरे गावातून स्कूटीवर येतात. अणुकेंद्राच्या वेल्डिंगची परीक्षा पास झालेल्या आमच्या कारखान्यात त्या एकट्याच. मालक म्हणाले, पुढची ऑर्डर आली की त्यांना पर्मनंट करू. लगेच जाऊन सांगितलं. चेहरा एकदम खुलला.

२० मार्च
मेल. केंद्र एप्रिलमध्ये बंद. एकदा मुदत वाढली होती, पुन्हा वाढेल असं आम्ही सगळेच धरून चाललेलो. पुढची ऑर्डर गेली. ही खेपही नको म्हणतात. पेट्या गोडाऊनमध्ये. त्यांच्याच मापाचे व्हॉल्व्ह, दुसरीकडे कुठे बसायचे...

२१ मार्च
तिकडच्या इंजिनिअरशी कॉल. इतक्या वर्षांची ओळख, आज कॅमेरा बंद ठेवला त्याने. म्हणाला, केंद्र बांधायचा खर्च कधीच वसूल झालाय, वीज स्वस्त पडत होती, धूर नाही. आता तूट कोळसा न् गॅसने भरायची, वर धुरातून सोडलेल्या कार्बनचे सरकारला पैसे मोजायचे.
"मग बंद का?"
"लोकांना भीती वाटते. आणि कचरा कुठे पुरायचा, ते मलाही सांगता येत नाही."


शोभाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तितं बंद झालं, तर माज्या पर्मनंटचं काय वो सायेब?"
"बघतो." काय बघणार, कपाळ!

१८ एप्रिल
केंद्र बंद झालं. बातम्यांत काही लोक नाचत होते, काही नुसतेच उभे.
दुपारी मालक खूश. नवी ऑर्डर, त्याच देशातून! कोळशाच्या जुन्या वीजकेंद्रासाठी. "तिकडे तूट पडलीय, जुने बॉयलर दुरुस्त करतायत. आपलं नशीब बघ." साधे व्हॉल्व्ह. वेल्डिंग ठेकेदाराची माणसं करणार, स्वस्तात.
भुकूमला घरी आल्यावर मंजूला सांगितलं. म्हणाली, "अहो, धूर कमी करायचा होता ना त्यांना?" जेवलो. चव लागली नाही.

९ जून
शोभाताई पॅकिंगला. खोक्यांना पट्ट्या मारतात. माझ्याशी नीट बोलतात, त्याचंच जास्त लागतं.

११ ऑगस्ट
सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर परीक्षेचा दाखला रद्द होतो. शोभाताईंची मुदत जवळ आली. जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या नळीवर जोड मारून घेऊन आल्या. सुरेख. पण जोडाचा एक्स-रे झाल्याशिवाय तो कुणी ग्राह्य धरत नाही, आणि त्याच्या खर्चाला मालकांचं हो लागतं. कोळशाच्या कामाला हा दाखला लागतच नाही.
"येकदा इचारा की, सायेब. न्हाई म्हनले तर म्हनले."
मालक समोरच केबिनमध्ये होते. चहा घेत होते, मूडही बरा. उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो.
नळी टेबलावर आहे. विचारलं की उत्तर मिळेल, आणि ते 'नाही' असलं तर शोभाताईंना मलाच सांगावं लागेल.