ओढलेले टाके

३ मार्च

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मावशीचं पोट सध्या रुसलं आहे. कळ येते, उलट्या होतात, पोट फुगतं, मग गुडगुडून आपोआप उतरतं. गंमत म्हणजे त्याच वेळी उजवा गुडघाही ठणकतो. पाय मागे नेला की जास्त. शिलाई मशीन चालवणं अवघड झालंय. इथल्या डॉक्टरांनी पोटाला एक आणि गुडघ्याला एक अशी औषधं दिली आहेत. वाळलेय मात्र खूप; स्वतःचेच कपडे दोनदा आत घेतले.

माया आहेच, पत्रही येऊ दे.
मावशी


५ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

हे पत्र आणणारा आमच्या रुग्णालयाचा ड्रायव्हर आहे. त्याच्याच गाडीत बसून ये. काही खाऊपिऊ नकोस, पाणीसुद्धा नाही.

गिऱ्हाइकाचं माप घेताना तू बेधडक मांडी म्हणतेस, स्वतःची आली की गुडघा. कळ मांडीच्या आतून खाली उतरते ना? मग दुखणी दोन नाहीत, एकच आहे. कमरेच्या हाडात एक बारीक वाट असते, तिच्यातून पायाची नस जाते. माणूस वाळला की तिथली चरबी झडते आणि आतडं तिच्यात शिरून नस दाबतं. बाहेर गाठ दिसत नाही, म्हणून सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कायमचं अडकलं तर आतडं कुजतं. माझा अंदाज चुकला तर हवं तेवढं हस. पण कात्री खाली ठेव आणि नीघ.

लोभ इथे येऊन कर.
तुझी भाची


१६ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आईकडे आराम करते आहेस, हे वाचून बरं वाटलं. ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं, असं विचारलंस म्हणून लिहिते. स्कॅनमध्ये आतडं तिथेच अडकलेलं दिसलं. आमच्या मोठ्या सरांनी ते सोडवलं. ते काळंनिळं पडलं होतं. तसंच राहिलं असतं तर तेवढा भाग कापावा लागला असता. गरम पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून थांबलो. हळूहळू गुलाबी झालं, हललं. मग ती वाट जाळी लावून बंद केली. वरचे टाके सरांनी मला घालू दिले. मी घाबरले नव्हते.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी भाची


१८ मार्च

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

काल पट्टी बदलताना तुझ्या आईला आरसा धरायला लावला. टाके सगळे एकसारखे, शेवटचे तेवढे ओढलेले. लहानपणी माझ्या मशीनशेजारी बसून शिवायचीस, तेव्हाही घाबरलीस की दोरा असाच ओढायचीस. म्हणे घाबरले नव्हते! मी मांडीला गुडघा म्हणते, तू भीतीला काहीच म्हणत नाहीस. दोघी कापडाच्या एकाच ठाणातल्या.

उसवायला तूच ये.
मावशी