डासांसाठी मारलेली जाळी

गंगावेस, कोल्हापूर
मंगळवार, ता. ४ फेब्रुवारी १९७५

प्रिय लीला,

पोस्टकार्डावर लिहितात का गं असलं? एवढी शिकलीस, वर्गभर पोरांना शिस्त लावतेस, आणि एक पाकीट घ्यायला तुझा हात आखडला? "दादाच्या घरी मांजर मोकळं सुटतं. तिथं पिल्लू द्यायला माझं मन होत नाही. राग मानू नये." उघड्या कार्डावर! पिराजी पोस्टमन आमच्याजवळ पोचेपर्यंत अर्ध्या गल्लीला पाठ झालं होतं. भाजीवाली चिमणाबाई मला विचारते, काय वो, नणंदेनं मांजर दिलं न्हाय म्हणं? मी म्हटलं, न्हाय दिलं, तुला काय त्यात वाटा पाहिजे व्हता? पण कुणाकुणाचं तोंड धरू? मी तुला चांगलं बंद पाकिटातून विचारलं होतं, तेही ह्यांना चोरून. आणि तुझं उत्तर आलं ते गल्लीला वाचून दाखवत.

खरं तर तुला वन्सं म्हणायला पाहिजे. पण मी या घरात आले तेव्हा तू परकरात होतीस, तुझ्या वेण्या मी घातल्यात, आणि दुसरीत सुटलेली माझी पाटी तूच चुलीपुढं बसवून पुन्हा हातात दिलीस. माझं अक्षर वाकडं असेल तर तो दोष मास्तरणीचा. म्हणून तोंडावर बोलते. राग सांगून झाला. आता दुसरं ऐक. नाही म्हणालीस ते बरं केलंस. मी दिवसभर भांडते, पण खरोखर नाही म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तू भांडत नाहीस, पण नाही म्हणतेस आणि त्याच्यावर उभी राहतेस. हे मला आयुष्यात जमलेलं नाही.

गेल्या वैशाखात तुझ्याकडं गडहिंग्लजला राहिले तेव्हा मी तुला किती हसले, आठवतं का? खिडक्यांना कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. कोपऱ्यात घमेल्यात चाळलेली वाळू, आणि तू शाळेतनं आलीस की पदर खोचून ती आधी साफ करणार, चहा नंतर. खोलीत पेरूचं वाळकं खोड उभं केलेलं, का, तर तुझ्या चिंगीला नखं घासायला. तिला खेळायला सुतळीला बांधलेलं कोंबड्याचं पीस. मी म्हटलं, लीले, मांजर पाळलंस का जावई? तू म्हणालीस, वहिनी, तिला मी घरात ठेवलंय, मग घरात जे लागतं ते मीच द्यायला नको? एवढं बोलून तू पुन्हा वाळू चाळायला लागलीस. मला तेव्हा ते वेडच वाटलं.

आणि तो गुरांचा दवाखाना! एवढे बैल, एवढ्या म्हशी रांगेत, आणि मधे तू, भाजीच्या टोपलीत मांजर घेऊन, वर फडकं बांधून. इंजेक्शन द्यायला म्हणे. ते फेटेवाले हसायला लागले, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू वळून म्हणालीस, पावणं, तुमचा बैल आजारी पडला तर तुम्ही आलाच की, मग माझं मांजर काय रस्त्यावर पडलंय व्हय? त्यातल्याच एकानं सरकून तुला सावलीत जागा करून दिली. घरी आल्यावर हे मी ह्यांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. नुसतं म्हणाले, आमची लीली लहानपणापास्नं तसलीच हाय. त्या बोलण्यात कौतुक होतं हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

आमच्याकडं मांजर म्हणजे काय, तुला माहीत आहे. गोठा आहे, दूध आहे, तर मांजर येणार. सकाळी वाटीभर दूध घालायचं, बाकी त्याचं ते बघतं. आलं तर आलं, गेलं तर गेलं. कुठं गेलं हे कुणी विचारलं नाही आजवर. पण वस्ताद बोका मात्र ह्यांचा होता. बोका कसला, रेडकूच ते. संध्याकाळी दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांपुढं म्हशी पिळायला बसले की हा शेजारच्या दगडावर बसायचा, तोंड उघडून. हे पहिली धार सडातनं थेट त्याच्या तोंडात सोडायचे. एक थेंब खाली पडायचा नाही. दूध प्यायला आलेली गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची, पन्हाळा बघायला आलेली पुण्या-मुंबईची माणसं पोरांना खांद्यावर घेऊन दाखवायची. आणि हे, एवढे मोठे पैलवान, कुस्ती मारल्यावर कधी फुगले नसतील एवढे त्या धारेनं फुगायचे.

आणि मग भाऊबीज. तू ओवाळत होतीस आणि वस्ताद आला, कान फाटलेला, रक्त गळतंय. तू तबक खाली ठेवलंस आणि म्हणालीस, दादा, याला घरात ठेव, नाहीतर एक दिवस जाईल हा. ह्यांचा ताठा तुला माहीत. म्हणाले, ह्यो कोल्हापूरचा गडी हाय लीले, तुझ्या गडहिंग्लजची पडद्यातली बाई न्हाय, वाघाच्या जातीला कोंडत न्हाईत. त्यावर तू जे बोललीस ते मी अजून विसरले नाही. म्हशीला दावं लावतोस, रेडकाला आडोसा करतोस, दाराला कडी घालतोस. मग याला एकट्याला वाऱ्यावर का? दूध देतं तेवढंच तुझं व्हय, दादा? हे म्हणाले, मास्तरणीनं गोठ्यात शाळा घेऊ नये. आणि तू न जेवता पिशवी उचललीस. मी बासुंदी केली होती गं. ती मी तुझ्या नावानं शिव्या घालत दोन दिवस खाल्ली.

वस्ताद गेला हे मी तुला कार्तिक सरता सरता एका ओळीत कळवलं होतं. कसा गेला ते लिहिलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात उंदरांना औषध घातलं होतं. त्यानं तसला उंदीर खाल्ला. दुकानदाराचं काय चुकलं? त्याच्या पोत्यांना उंदीर लागलेले, तो औषध घालणारच. आमचं मांजर त्याच्या दुकानात फिरतं ही काय त्याची काळजी? हे मी म्हणत नाही, ह्यांनीच म्हटलं. मी तर दुकानासमोर जाऊन चार शिव्या देणार होते, पदर खोचूनसुद्धा झाला होता. ह्यांनी मला हाताला धरून मागं आणलं.

तेव्हापासून घरात कसं आहे विचारशील तर बरं आहे. म्हशी दूध देतात. हे जेवतात. पण कट्ट्यावर बसले की पहिली धार अजून बाजूला सोडतात. त्या मोकळ्या दगडावर. रोज. पहिल्यांदा मला वाटलं सवयीनं झालं. मग बघितलं तर मुद्दाम दगडाकडं बघून सोडतात. मी एकदा म्हटलं, अहो, दूध सांडतंय. म्हणाले, सांडू दे. नवीन कुणी हसलं तर जुनी गिऱ्हाइकं त्याला कोपरानं ढोसतात. हे बघवेना म्हणून मी तुला पिल्लू मागितलं होतं. ह्यांना न विचारता.

आणि आलं तुझं कार्ड. त्या मेल्या पिराजीनं ते कुठं वाचावं? कट्ट्यावर. ऐन गर्दीत. पैलवान, बहिणीनं पिल्लू द्यायला नकार दिलाय बघा, असं म्हणून मोठ्यानं वाचलं. मी पाण्याची बादली घेऊन उभी होते, ती तिथंच खाली ठेवली. म्हटलं आता हे उठतात आणि पिराजीला कार्डासकट पंचगंगेत टाकतात. हे उठले नाहीत. धार काढत राहिले. एवढंच विचारलं, काय लिवलंय, परत वाच. त्यानं परत वाचलं, आता आवाज बारीक करून. बरं, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाळीची गुंडाळी घेऊन आले. कोंबड्यांची जाळी, तीच, तुझ्या खिडकीला आहे तसली. मधल्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना मारली, माडीवरच्या झरोक्याला मारली, मागच्या दाराला स्प्रिंग लावली आपोआप मिटायला. अंगठ्यावर हातोडी बसली, नख काळं पडलंय. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, डास येतात. लीला, त्या जाळीच्या भोकातनं माझं बोट जातं. पण मी म्हटलं, व्हय, डास लई झालेत. मग बाळासो, आमचा म्हशी राखणारा, त्याला नदीवर पाठवून वाळू आणवली, आणि अंगणात बसून स्वतः चाळली. ती कसल्या डासांसाठी हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर घमेलं उचलून गोठ्यात ओतलं असतं त्यांनी, आणि मग मला परत चाळत बसावं लागलं असतं.

एक विचारते. पिल्लू घरातच ठेवायचं, कबूल. पण संध्याकाळी कट्ट्यावर, ह्यांच्या मांडीवर, गळ्यात पट्टा घालून, दोरी हातात धरून नेलं तर चालेल का? पहिल्या धारेपुरतं. लगेच परत आत. तू तुझ्या चिंगीला अंगणात तसंच फिरवतेस हे मी बघितलंय, नाहीतर विचारलं नसतं. तू नाही म्हणालीस तर नाही. तुझं नाही आता मला चालतं.

आणि आता जे सांगायचं नाही म्हणून ह्यांनी मला बजावलंय ते सांगते. वस्ताद गोठ्यात येऊन पडला तेव्हा म्हैस अर्धी पिळून झाली होती, गिऱ्हाइकं चरव्या घेऊन उभी होती. हे अर्धी पिळलेली म्हैस सोडून उठले. जन्मात असं केलं नसेल. टॉवेलात गुंडाळून त्याला पोटाशी धरलं आणि अनवाणी गुरांच्या दवाखान्याकडं पळाले, मी मागनं चपला घेऊन. रांगेतल्या माणसांनी पैलवानाला बघून वाट दिली. डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली. ह्यांनी विचारलं, काल घरात असता तर? डॉक्टर म्हणाले, घरात असता तर कशाला झालं असतं हे? परत येताना टांग्यात त्याला मांडीवर घेऊन बसले होते. रंकाळ्याच्या वळणाला म्हणाले, लीली बरोबर बोलली व्हती. मी तिला जेवू घातलं न्हाय. बास. तुझ्या वडलांच्या पाठीमागं ज्यानं तुला शिकवलं आणि तुझ्यापुढं कधी मान खाली घातली नाही, तो माणूस तुला हे कधी लिहिणार नाही. त्याला जाळी मारता येते, तेवढी मारून झाली. म्हणून हे पत्र मी लिहिते.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी.त बस आणि ये. पिल्लू आणू नकोस. आधी घर बघ. मुलगी देताना बघतात तसं बघ. जाळी ओढून बघ, दार ढकलून बघ, वाळूत हात घालून बघ, ह्यांना समोर बसवून मास्तरणीसारखे प्रश्न विचार. कांदेपोहे मी करते. आणि बासुंदी. पसंत पडलं तर पुढचं बोलू. नाही पडलं तरी जेवून जा.

पुढच्या मंगळवारच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे, त्याच्या पुढं मी थांबायची नाही, स्वतः येऊन तुझ्या वर्गात बसेन. आणि नीट ऐक. उत्तर नाही असेल तर बंद पाकिटात घाल. येणार असलीस तर पोस्टकार्डच लिही, मोठ्या अक्षरात. पिराजीला कट्ट्यावर वाचता आलं पाहिजे.

तुझीच,
तानावहिनी