गुरुजींच्या हातची पावती

पनवेल, शनिवार, ८ मार्च १९५८

अक्षर वाकडं म्हणून ज्यांनी शाळेत माझी बोटं सुजवली, ते गुरुजी आज माझ्या जुन्या मोटारींच्या दुकानात आले. मुलाला टॅक्सी चालवायला म्हणून गेल्याच महिन्यात इथून गाडी नेली होती. खंडाळ्याच्या घाटात गिअरबॉक्स गेला. मिस्त्रीनं उघडला, तर आत लाकडाचा भुसा. भरला मीच. झिजलेल्या दात्यांचा आवाज दबतो त्यानं.

"अरे, तू माझा विद्यार्थी ना? घे गाडी परत."

मी पावती काढली. 'गाडी पाहून, चालवून, पसंत करून घेतली. पुढे तक्रार करणार नाही.' मुद्दाम त्यांच्याच हातानं लिहून घेतली होती. काय अक्षर! मोत्याचे दाणे.

"वाचा गुरुजी. मोठ्यानं."

गिऱ्हाइकं बघत होती. त्यांनी वाचलं.

"पुन्हा."

पुन्हा वाचलं. मजा आली, खोटं कशाला लिहू? मग ते अक्षर डोळ्यांपुढून जात का नाही?

वाचून झाल्यावर कागद धरून ते उभेच राहिले. 'खाली बस' म्हणेपर्यंत वर्गात आम्ही राहायचो, तसेच.

मी 'बसा' म्हटलंच नाही.