चाकाची खुर्ची

प्रिय मोनाली,

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून तुला तीन मिस कॉल आले असतील. ते माझे होते. तिन्ही वेळा रिंग वाजायला लागली की मीच कट केलं. शेवटी म्हटलं, लिहावं. मी राहेल. शिरूरची, मिशन कंपाऊंडमधली, आठवीपर्यंत तुझ्या शेजारी बसणारी. चौदा वर्षांनी अशी ओळख सांगावी लागतेय, यातच सगळं आलं.

मी आता कारेगावला एका कंपनीच्या डिस्पॅच ऑफिसात आहे. एका खोलीत आम्ही सहा जणी, प्रत्येकीला चाकाची खुर्ची. दुपारचा चहा आला की कुणी उठत नाही. पायानं फरशीला रेटा द्यायचा आणि खुर्चीसकट एकमेकींच्या टेबलापाशी जायचं. करुणा म्हणून एक आहे, दोन पोरांची आई. ती दारापासून प्रिंटरपर्यंत एका दमात जाते आणि गर्रकन फिरून थांबते. सगळ्या हसतात, आता मीही हसते. पण नोकरीला लागले तेव्हा वर्षभर मी साधी लाकडी खुर्ची मागून घेतली होती. पाठ दुखते, असं सांगितलं होतं. पाठ काही दुखत नव्हती.

तुझे आबा तुला सायकलवर पुढं बसवून शाळेत आणायचे, उचलून बाकावर ठेवायचे आणि कामाला जायचे. मग पाच वाजेपर्यंत तू तिथंच. मधल्या सुट्टीत मी तुझ्याजवळ डबा खायचे, पण खाऊन झालं की माझे पाय शिवशिवायचे. तू म्हणायचीस, "जा गं तू, मी बघते इथून." त्या बाकावरून मैदान दिसायचंच नाही, नुसता फळा दिसायचा. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तू शाळेत नव्हतीस.

आठवीत संगणकाची खोली झाली. कुठल्याशा कंपनीनं आपल्या जुन्या खुर्च्या शाळेला दिल्या होत्या, सगळ्या चाकांच्या. बाईंनी आणि मी मिळून तुला एकीवर बसवलं. बाई वायरी जोडण्यात गुंतल्या. तू सहज टेबलाची कड धरून ओढलीस आणि खुर्ची सरकली. आधी तू दचकलीस. मग मुद्दाम ओढलीस. या टेबलावरून त्या टेबलावर हात टाकत टाकत तू खिडकीपाशी गेलीस. तुला कुणी नेलं नाही, कुणी उचललं नाही. तुझ्या मनात आलं आणि तू गेलीस. तिथून तू आमच्याकडे असं बघितलंस, की जणू घर तुझं आणि आम्ही पाहुणे. तुझा तसा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. पुढचे दोन महिने तू फक्त मंगळवार आणि शनिवारची वाट बघायचीस, संगणकाच्या तासाची.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर तू म्हणालीस, मला व्हरांडा बघायचाय, पार टोकापर्यंत. मी खुर्ची बाहेर काढली. तू एका हातानं भिंत धरून खुर्ची पुढं सरकवत होतीस, मी नुसती मागं होते. सातवीचा वर्ग, ऑफिस, पाण्याची टाकी, सगळ्यापाशी तू थांबत होतीस. मला कंटाळा आला, मोनाली. खरं कारण एवढंच आहे. मला जोरात पळवायचं होतं. मी दोन्ही हातांनी ढकलत धावायला लागले. तू ओरडलीस, "राहेल, थांब, उतार हाय पुढं!" मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, मजा येईल. मी हात सोडले.

तुझं कोपर मोडलं. हेडसर धावत आले, तुला शिपाईमामांच्या बाकड्यावर निजवलं आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, कुणी केलं हे? मी म्हणाले, "तिनंच हट्ट केला, सर. मी नको म्हणत होते. तिनंच भिंतीवरचा हात सोडला." तू डोळे मिटून पडली होतीस. मी स्वतःची समजूत घातली, की तुला ऐकू गेलं नसेल. आबा आले, सरांपुढं हात जोडले, म्हणाले, "चुकलं पोरीचं, माफी करा." त्यानंतर तू शाळेत आली नाहीस. पुढच्या आठवड्यात सरांनी सगळ्या खुर्च्यांची चाकं काढून घेतली.

तुझ्या घरी यायला मी दोनदा निघाले आणि कोपऱ्यावरून परतले. मग कळलं, तुला राहू गावी तुझ्या मामांकडे पाठवलंय. दर रविवारी चर्चमध्ये मी देवाला सगळं खरं सांगत आले. त्याला सांगणं सोपं होतं. आबांना सांगायचं धाडस झालं नाही.

मागच्या महिन्यात शिरूरच्या स्टँडवर आबा भेटले. फार वाकलेत. त्यांनीच तुझा नंबर आणि पत्ता दिला. तू मोटरच्या मशीनवर ब्लाउज शिवतेस, राहूच्या बाया तुझ्याशिवाय कुणाकडं जात नाहीत, हे कौतुकानं सांगितलं. आणि म्हणाले, "शिकली असती तर कुठल्या कुठं गेली असती. पर लई हट्टी. शाळंत आयकंना म्हणून तर काढली." एस.टी. लागली, ते गेले. चौदा वर्षांनीही मी त्यांना खरं सांगितलं नाही.

परवा रविवारी मात्र मी त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. उताराचं, हात सोडल्याचं, सरांना काय बोलले त्याचं. मला वाटलं होतं, ते चिडतील, हाकलून देतील. पण ते जमिनीकडं बघत म्हणाले, "तिनं मला हेच सांगितलं व्हतं. दवाखान्यातनं येताना. म्हणली, आबा, राहेलनं सोडलं. मी म्हणलं, मास्तरांपुढं एक आन् माझ्यापुढं एक बोलतीस व्हय? आन् प्लास्टर घातल्याल्या पोरीच्या मी थोबाडात मारली." मी निघताना म्हणाले, "रविवारी राहूला जाऊन येतो."

तू खरं सांगितलं होतंस, हे मला परवा कळलं. माझ्या खोट्यासाठी तू मार खाल्लास आणि चौदा वर्षं खोटारडी ठरलीस. मी माफी मागत नाही, ती मागायचा हक्क मला नाही. पत्र लिहितेय ते आबांसाठी. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं ते राहूला येतायत. मामांना त्यांनी कारण सांगितलेलं नाही. तुझ्यापुढं बसले तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटेल असं मला वाटत नाही. कदाचित पाणी पिऊन, पिकापाण्याचं बोलून तसेच परत फिरतील. म्हणून ते यायच्या आधी तुला ठाऊक असावं, की ते कशासाठी आलेत. त्यांना आता कळलंय, मोनाली. तू खरं बोलली होतीस.

तुझी अपराधी,
राहेल