वरच्या डोहाचं पाणी

३ डिसेंबर १९६१
परतवाड्याहून बसनं घाट चढून आलो. झऱ्यातली मोजपट्टी रोज वाचायची आणि पाणी वहीत लिहायचं, एवढंच काम. खोलीपासून पन्नास पावलांवर झरा कड्यावरून पडतो. त्याचे तुषार अंगणापर्यंत येतात. चांदूर बाजारच्या कचेरीत सतरा वर्षं काढली, पण त्रिसरण म्हणताना इतकं निवांत कधी वाटलं नव्हतं. बायकोला, जाईबाईला, कार्ड टाकलं : सतरा तारखेच्या रविवारी ये, इथलं पाणी फार गोड आहे. पट्टीवर नऊ इंच.

५ डिसेंबर
देवमन इथला म्हातारा चौकीदार. कळशी घेऊन निघालो तर म्हणाला, "वरच्या डोहातलं भरू नका बाबू. खालून भरा. दूर पडते, पन खालूनच."
'खालून' हे मी लहानपणापासून ऐकत आलो. गावच्या नदीवर वरचा घाट त्यांचा, खालचा आमचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला पाच वर्षं झाली.  वरच्या डोहात कळशी बुडवली आणि तिथंच उभा राहून पोटभर प्यालो. डोळे भरून आले.

९ डिसेंबर
पट्टीवर पाच इंच. झरा इतक्या लवकर आटतो? कळशी मात्र काठोकाठ. पाच तारखेनंतर मी ती भरलेलीच नाही.

१२ डिसेंबर
दोन इंच. तहान जात नाही. कितीही प्यालो तरी कळशी तेवढीच.
देवमनला सांगितलं. तो खालीच बसला. म्हणाला, वरचं कोणीच पीत नाही. तो नाही, दौऱ्यावरचे साहेब नाहीत, पाटलाची गुरंसुद्धा नाहीत. "झरा आटला का कड्याले पानी लागते. ज्याच्या पोटात असन, त्याले वढते." माझ्याआधीचे दोघे असेच गेले.
त्यानं मला जात विचारलीच नव्हती.

१४ डिसेंबर
कळशी डोहात ओतली. सकाळभर ओतत राहिलो. रिकामी होईना. घाट उतरून निघालो तर पाय कड्याकडेच वळले. देवमननं धरून आणलं.

१६ डिसेंबर
पट्टी कोरडी. कडा कोरडा. तरी धबधबा ऐकू येतो — खोलीत. कळशीला कान लावला. तिच्यातून नाही. मग छातीवर हात ठेवला —
देवमननं मला खाटेला बांधलं आहे; लिहायला उजवा हात तेवढा मोकळा, गाठी खाटेखाली. उद्या तो बसथांब्यावर उभा राहील, जाईबाईला तिथूनच परत पाठवायला.

१७ डिसेंबर
ती बसनं आलीच नाही. लाकडाच्या ट्रकमधून आली. मला पाहून हसली — "कावून बांधून घेतलं? खाट पळून जाते काय?" — मी ओरडेपर्यंत कळशीतले दोन गडवे प्यायली. म्हणाली, "तुमी लिवलं तसंच गोड हाय."

आता दारात उभी आहे. कान देऊन. हाक मारली तर वळत नाही —

निघाली. पायवाटेनं नाही, झऱ्याच्या कोरड्या पात्रातून, पाणी जाईल तशी —

गाठ सुटली. मागून येणाऱ्यानं कळशीला हात लावू नये. मी तिच्या आधी पोचलो, तर माझ्या एकट्याच्या पाण्यावर कड्याची तहान भागेल, ती —